पिठात काढलेलं कणीस

मी ग्रुपवर नुसतं वाचते, कधी लिहीत नाय. पण आज दुपारचं सांगितल्याशिवाय राहवंना.

आमचा घोटीत नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापडांचा बचत गट हाय. पाकिटावरचा लोगो ठरवायचा होता. प्रिंटिंगवाल्यानं पाठवलेल्या लोगोत सूर्य, डोंगर, कलश, लाटणारी बाई, सगळंच होतं. मी पण एक काढलेला. नागलीचं कणीस, नुसत्या पाच वाकड्या रेघा.

अध्यक्ष सुमनकाकू म्हणल्या, "एवढंच? पेन संपला का गं?" सगळ्या हसल्या.

नववीत शाळा सुटली तेव्हापासून मी मोबाईलवर चित्रांचे व्हिडिओ बघते. त्यात एका जुन्या डिझायनर बाबांचं ऐकलेलं. ते आता नाहीत, पण त्यांनी काढलेले कंपन्यांचे लोगो अजून बोर्डावर हायेत. लोगो झाला की ते ऑफिसातल्या शिपायाला दाखवायचे, मग झाकून त्याला आठवून काढायला लावायचे. जमलं तरच पास.

मी दोन्ही कागद पालथे घातले, पोळपाटावर पीठ पसरलं. "जो आठवल तो बोटानं काढा," एवढंच बोलले.

सुमनकाकूंनी सूर्य काढला आणि अडकल्या. गटातल्या ठकूमावशी सहीच्या जागी अंगठा देतात. त्यांनी लगेच पाच वाकड्या रेघा ओढल्या. कणीस!

"आगं, मला आलं की!" मावशी टाळ्या वाजवत सुटल्या.

सुमनकाकू म्हणल्या, "हाच छापा. माझा सूर्य बुडाला."

त्या बाबांना मी कधी बघितलं नाय, पण आज माझ्या वतीनं तेच बोलले.

तुम्हाला न बघता कोणता लोगो काढता येतो? काढा आन् फोटो इथं टाका ना.