यादीवाला

कोल्हापुरात माणसाला एकदा टोपणनाव चिकटलं की ते पंचगंगेच्या घाटापर्यंत सोबत येतं. कृष्णाततात्यांना पेठेत गेली चोपन्न वर्षं 'यादीवाला' म्हणतात. नव्या पोरांना वाटतं, तात्या किराणा मालाच्या याद्या करत असतील. तसं असतं तर फार बरं झालं असतं.

एकाहत्तर साली तात्या वीस वर्षांचे, नुसते कृष्णात होते. कॉलेजच्या फुटबॉल संघात कृष्णात बारावा. म्हणजे सरावाला सगळ्यांच्या बरोबरीनं पळायचं आणि सामन्याला रेषेबाहेर बसून लिंबं कापायची. उजव्या बगलेला उदयसिंह असताना बाराव्याला विचारतो कोण? पण सेमीफायनल जिंकून झाली, गणपती उठले आणि उदयसिंह बेळगावला पलटणीत भरती झाला. जाताना कृष्णातच्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, "माझी जागा सांभाळ रं. फायनलला येतो की."

तो सहज बोलून गेला. कृष्णातनं मात्र खूणगाठ बांधली.

फायनल आधी पावसानं पुढं गेली, मग लढाईनं. डिसेंबरात मैदानावर होमगार्डांची कवायत सुरू झाली आणि संघाला सरावाला एक कोपरा तेवढा उरला. शेजारच्या पानपट्टीवर रेडिओची बातमी लागली की चेंडू जागच्या जागी थांबायचा. दोन आठवड्यांत लढाई संपली आणि जानेवारीतला रविवार ठरला. त्याच आठवड्यात बेळगावहून कार्ड आलं: 'दोन दिवस रजा मिळाली. सकाळच्या गाडीनं येतो. जागा ठेव.'

कॅप्टन विजयसिंह व्यवहारी माणूस. "गाडीचा काय भरवसा न्हाय," तो म्हणाला. "किस्ना, तू खेळणार."

कृष्णातला त्या रात्री झोप लागली नाही, हे सांगायला नको. शेवटचं वर्ष होतं. आता नाही तर कधीच नाही. आईनं जर्सी दोनदा धुतली.

अक्षर चांगलं म्हणून संघाची यादी नेहमी कृष्णातच लिहायचा. रविवारी सकाळी दहा नावं भराभरा लिहून झाली आणि अकराव्याला पेन अडलं. पलटणीतला माणूस एवढी एकच गोष्ट मागतोय, आणि त्याच्या जागी आपण आपलंच नाव लिहायचं? गाडी वेळेत आली तर त्याला तोंड कसं दाखवायचं? त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं, 'उदयसिंह'. विजयसिंहनं न वाचताच सही ठोकली.

लढाई संपली होती, पण गाड्या अजून पलटणीच वाहत होत्या. उदयसिंहची गाडी मिरजेत अडकली. सामन्याची वेळ झाली तेव्हा कृष्णात बूट बांधून उभा होता, पण पंच कडक निघाले. "यादीत नाव न्हाय, त्यो आत न्हाय." संघ दहा जणांनी खेळला आणि एका गोलनं हरला. गोलही नेमका उजव्या बगलेनं आला.

विजयसिंह वर्षभर कृष्णातशी बोलला नाही. उदयसिंह संध्याकाळी ट्रंक घेऊन पोचला, सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "खुळ्या, तू खेळायचं की रं."

पुढं त्याच मैदानावर तात्यांना नोकरी लागली. रोलर फिरवायचा, पाणी मारायचं, फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारायच्या. छत्तीस वर्षं. आमच्याकडं खेळाडू रेषेवरची माती कपाळाला लावूनच आत जातो. तात्या ती रेषा हजारदा ओलांडत, पण कधी वाकले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणत, "त्यो मान खेळणाऱ्याचा." लोक हसायचे. तात्या हसत नसत.

यंदा जानेवारीत कॉलेजनं त्या जुन्या संघाचा सत्कार ठरवला, नावांचा फलक केला. नावं कुठून मिळाली? तात्यांनीच ट्रंकेतून ती यादी काढून दिली. एवढी वर्षं जपलेला कागद तो, त्यामुळं फलकावरूनही त्यांचं नाव स्वतःच्याच हातानं गळलं. नात प्रियदर्शनी कॉलेजच्या मुलींच्या संघात खेळते. फलक वाचून आली आणि रात्री जेवताना तिनं विचारलं, "आजोबा, तुमचं नाव कुठाय?"

"मी खेळलोच न्हाय की," तात्या म्हणाले आणि ताटातली भाकरी तशीच ठेवून उठले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका फलकापायी वाईट वाटावं याची त्यांना लाज वाटली. पण वाईट वाटलंच.

सत्काराच्या सकाळी रेषा तात्यांनीच मारल्या. निवृत्त झाले तरी दुसऱ्याची रेष त्यांना सरळ दिसत नाही. संघातले सहाजण उरलेत. नाव पुकारलं की एकेकानं रेषेवरची माती कपाळाला लावायची, मैदानात जायचं, शाल घ्यायची. पाचजण आत जाऊन उभे राहिले. तात्या फक्कीची बादली घेऊन बाहेर उभे होते. शेवटी पुकारा झाला, "उदयसिंह."

उदयसिंह खुर्चीतून हलला नाही. दुसऱ्यांदा पुकारलं.

"मी त्या दिवशी मिरजेच्या फलाटावर भजी खात बसलेलो," तो बसल्या जागेवरनं म्हणाला. "मी कशाला उठू? ज्याची जागा हाय त्याला बोलवा." मग तात्यांकडं वळून म्हणाला, "लई सांभाळलीस, किस्ना. आता जा आत."

मैदानात काठीवर रेललेल्या विजयसिंहनं हात केला. "ये रं. न वाचता सही मीच केलती."

तात्यांनी बादली खाली ठेवली. हात पँटला पुसले. रेषेशी आल्यावर गुडघे वाकेनात, तेव्हा प्रियदर्शनीनं खांदा पुढं केला. तो धरून ते खाली वाकले, बोट टेकवलं, कपाळाला लावलं. सकाळचीच ओली फक्की, मातीऐवजी तीच पांढरी लागली. ती न पुसता तात्या आत गेले.