त्यांचं थांबणं

मार्टिन ॲशकोम गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होते, दुबईहून शारजाला जाताना, नेहमीसारखी ट्रॅफिकमध्ये अडकलेली. मोबाइलवर लंडनहून त्यांची मुलगी हेलन बोलत होती. बाबा गेल्या आठवड्यात झोपेतच गेले, शेवटची तीन वर्षं मलाही ओळखत नव्हते, असं तिने शांतपणे सांगितलं. तुमच्यासाठी एक पाकीट पाठवतेय, म्हणाली. शेजारच्या बाईंनी विचारलं, तर मी ‘कुछ नहीं’ म्हणून खिडकीकडे तोंड केलं. काय सांगणार? हा माणूस माझा कोण, हे मला पाच वर्षांत ठरवता आलं नव्हतं. माझा त्यांच्यावर राग होता, आणि त्याहून जास्त स्वतःवर.

उत्तर इंग्लंडातल्या एका पाववाल्याचा हा मुलगा. फिरत्या नाटक कंपनीत रंगमंच झाडण्यापासून सुरुवात केली. मुख्य नट आजारी पडला म्हणून एका संध्याकाळी याला उभं केलं, तो उतरला तो नायक होऊनच. मग लंडनची रंगभूमी, मग सिनेमे, गणवेशातला उमदा अधिकारी बहुतेक. पुढे केस पिकले, नवे चेहरे आले आणि कामं आटली. नव्वदच्या दशकात ते दर हिवाळ्यात चार जणांच्या कंपनीबरोबर आखातात यायचे… मस्कत, अबू धाबी, आणि मी जिथे नोकरी करते ते दुबईचं हॉटेल. बँक्वेट हॉलमध्ये लोक जेवता जेवता नाटक बघायचे. एके काळचा सिनेमाचा हिरो बोलतोय आणि पुढ्यातले लोक कोंबडीची तंगडी तोडतायत! मला बाई कसंसंच व्हायचं. त्यांना नाही. समोरच्याचा काटा हवेत थांबला की काम जमलं समजायचं, एवढंच म्हणायचे.

कंपनीला प्रॉम्प्टर हवा होता. मॅनेजरने विचारलं, इंग्रजी भराभर वाचणारं आणि नाटकात कधी बसलेलं कोण आहे? मी हात वर केला. लग्नाआधी डोंबिवलीत बँकेच्या नाटकांना मी प्रॉम्प्टिंग करायचे. आमच्याकडे तालमी कमी आणि भरवसा प्रॉम्प्टरवर जास्त. नटाने श्वास घेतला रे घेतला की पुढचं वाक्य विंगेतून त्याच्या कानात पडलंच पाहिजे. मी इथेही तेच केलं. पहिल्याच तालमीत ॲशकोम नाटकातल्या मुलाचं पत्र वाचून थांबले, आणि मी तत्परतेने पुढचं वाक्य फेकलं, “तो येणार नाही.” ते सावकाश विंगेपाशी आले. चेहरा लालबुंद. “बाई, शब्द कुणीही म्हणेल. लोक माझं हे थांबणं बघायला येतात. त्याला हात लावायचा नाही.” मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पण दोन हिवाळ्यांत त्यांचं प्रत्येक थांबणं मला पाठ झालं. त्या पत्रापाशी मनात पाच मोजायची. पाचाला वाक्य यायचंच.

तिसऱ्या हिवाळ्यात ते खुर्च्यांच्या स्टोअरमध्ये मला शोधत आले आणि दार लावून घेतलं. वाक्यं जातायत म्हणाले. कपाट उघडावं आणि आत काहीच नसावं, तसं. कुणाला सांगू नकोस. शुक्रवारच्या दुपारच्या प्रयोगाला लंडनचा निर्माता येणार होता, हेच नाटक तिथे करायचं, आणि नायक म्हणून यांनाच घ्यायचं की नाही ते बघायला. अठरा वर्षांनी लंडन! रोज चार वाजता मी चहाची सुट्टी सोडून त्यांच्याकडून वाक्यं म्हणवून घ्यायला लागले. अडलं तर कोटाच्या दुसऱ्या बटणाला हात लावायचा, मग मी वाक्य द्यायचं, असं ठरलं. नवरा म्हणाला, तुला कशाला नसत्या उठाठेवी? खरं तर मलाच त्यांना लंडनला गेलेलं बघायचं होतं.

शुक्रवार आला. निर्माता पहिल्याच टेबलावर, विंगेपासून चार हातांवर. दुसऱ्या अंकात ॲशकोमनी पत्र वाचलं आणि थांबले. पाच झाले. सहा… सात. हात बटणाकडे गेला नाही. हातातलं पत्र थरथरायला लागलं, आणि तो अभिनय की काय, मला कळेना. हॉलमध्ये चमचाही वाजत नव्हता. वाक्य द्यावं तर निर्माता ऐकणार, न द्यावं तर… अकराला त्यांनी विंगेकडे पाहिलं. मी समोर उभी, आणि त्यांच्या नजरेत मी नव्हतेच. हे बटण, हा हॉल, सगळंच गेलं होतं. मी वाक्य दिलं. त्यांनी ते असं म्हटलं की दोन बायका रडल्या. टाळ्या थांबेनात.

प्रयोग संपल्यावर निर्माता सरळ आत आला. विंगेतून आवाज ऐकला मी, म्हणाला. ॲशकोम शेजारीच उभे होते, पण प्रश्न मला होता. “ते विसरले होते का?”

मी म्हटलं, “नाही. चूक माझी. आमच्याकडे नट थांबला की प्रॉम्प्टर बोलतोच. सवय आहे. ते थांबले होते, मीच घाई केली.”

इतकं सराईत खोटं मी जन्मात बोलले नव्हते. निर्माता हसला. मॅनेजरने सगळ्यांदेखत मला झापलं, वसुधा, प्रॉम्प्टिंग खलास, उद्यापासून डेस्कवर बस. आणि ॲशकोम? मूग गिळून कोटाची बटणं काढत राहिले. दोन दिवसांनी कंपनी गेली, मला न भेटता. लंडनचं काम त्यांनाच मिळालं.

त्या वसंतात हॉटेलात उतरलेल्या एका इंग्रज बाईंकडून पुढचं कळलं. लंडनला चालू प्रयोगात ॲशकोम त्या पत्रापाशी थांबले ते थांबलेच. पडदा पाडावा लागला. वर्तमानपत्रांनी तेवढंच छापलं. त्यानंतर ते कधी रंगमंचावर आले नाहीत. मी त्या रात्री जेवले नाही. खरं सांगितलं असतं तर दुबईच्या एका हॉलमध्ये सन्मानाने थांबले असते बिचारे. मीच त्यांना तिथे नेऊन उभं केलं, सगळ्या गावासमोर. हे ओझं मी कुणाला दाखवलं नाही, नवऱ्यालाही नाही.

गेल्या आठवड्यात हेलनचं पाकीट आलं. आत लंडनच्या प्रयोगाची त्यांची प्रत. पहिल्या पानावर माझं नाव आणि हॉटेलचा पत्ता, त्यांच्या तिरक्या अक्षरात. पत्राच्या प्रवेशाचं पान मळून मऊ झालंय, आणि “तो येणार नाही” या वाक्यासमोर पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा. मला काही उलगडेना. हेलनच्या चिठ्ठीत होतं : प्रयोग झाला की घरी येऊन बाबा एक रेघ मारायचे, आजही आलं म्हणायचे, आणि मगच बूट काढायचे. मी रेघा मोजल्या. एकोणीस. विसाव्या प्रयोगाला पडदा पडला.

एकोणीस वेळा ते तिथे थांबले, आणि एकोणीस वेळा वाक्य आलं. लंडनमध्ये, विंगेत मी नसताना. मी पान मांडीवर घेऊन खूप रडले. मग पेन्सिल घेतली, विसावी रेघ मारायला… आणि ठेवून दिली. त्यांच्यासाठी एकदा खोटं बोलले होते, तेवढं पुरे.