एका सतरंजीवर दोन फोन

गायकवाड सरांची माझी ओळख त्यांच्या ओरडण्यातून झाली. दोन हजार सालानंतरचा काळ. हिंगोलीत सरांचं इंटरनेट केंद्र होतं आणि मी कीबोर्डवर चहा सांडला होता. त्या रागामागचा माणूस मला पुढे दिसला.

आमच्या हट्टा गावाची वेबसाइट मी चालवीत असे. जहाजावर नोकरीला असलेला माझा भाऊ सुदाम बंदर लागलं की तिच्यावर मायला चार ओळी लिही. साइट नव्या कंपनीकडे हलवली आणि त्याच आठवड्यात वडील वारले. बातमी नव्या कंपनीने फोनवर ऐकून लावली. बाहेरगावी ती दिसत होती. हिंगोलीत सरांच्या केंद्रावर मात्र जुनंच पान उघडे: वडील ओट्यावर बसलेले, खाली ‘तब्येत ठणठणीत’. आम्ही लिहिलेलं कुठे जात होतं, देव जाणे. सुदामचं अक्षर नाही. मायचं जेवण तुटलं.

“हे अजून बसूनच राहिले व्हय?” पडद्याकडे पाहून ती म्हणाली.

साइटवाले म्हणत, आमच्याकडे चालू आहे. इंटरनेटवाले म्हणत, आमची लाइन बराबर आहे. सर डोंगरकडा गावात शेतांच्या बांधाचे तंटे मिटवीत, तेव्हा दोन्ही पक्षांना एकाच सतरंजीवर बसवीत. इथेही त्यांनी सतरंजी अंथरली, दोन फोन ठेवले, दोन्हीकडे नंबर लावले आणि रिसीव्हर उलटसुलट, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी असे जोडून गमछ्याने बांधले. त्या गाठोड्यातून दोन बारीक आवाज एकमेकांशी भांडू लागले. शेवटी इंटरनेटवाला म्हणाला, “आमच्याकडे साइटचा जुनाच पत्ता राहिलाय. काढतो.”

पान पुन्हा उघडण्याआधी सर मायकडे वळले. एवढे खवळणारे सर, पण आवाज अगदी खाली आला होता.

“माय, आता ते असे ओट्यावर बसलेले दिसायचे न्हाईत. उघडू का?”

“उघडा,” माय म्हणाली. “गेलेला माणूस घरात बसून राहिला, अन् जितं लेकरू भायेर उभं हाय.”

हार घातलेला फोटो आला. खाली सुदामच्या ओळीच ओळी. शेवटची होती: ‘माय, बाच्या संगं तूबी गेलीस का? कोणीच काहून बोलून न्हाई राहिलं?’

माय पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, “हाव रे, हाय मी.” सरांनी तेच शब्द टाइप केले.

सर आता पंच्याहत्तरीचे झाले. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आम्ही हाक मारू तेव्हा पलीकडून त्यांचं खेकसणं ऐकू येवो, वर्षानुवर्षं.