खांद्याचं मोजमाप

बायकोच्या उजव्या खांद्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिने डॉक्टरांना एकच विचारलं होतं, "माही वेणी मले घालता येईन ना?" हाडाखाली स्नायू घासतो, तिथे जागा करून देऊ, मग हात वर जाईल, असं ते म्हणाले. तोवर गोळ्या, शेक, मालिश सगळं करून झालं होतं.

ऑपरेशननंतर वर्षाने, गुण किती आला ते मोजायला त्यांनी बोलावलं. चिखलीहून बसने गेलो. डॉक्टर आमच्या मुलाच्या वयाचे, बोलायला फार गोड. एकेक प्रश्न विचारू लागले.

"वरच्या फळीवरचा डबा काढता येतो?"

"येते."

"त्या कुशीवर झोप लागते?"

"लागते."

"केस विंचरता येतात?"

"येतात. बरं हाय."

माझा पारा चढत होता. त्याच सकाळी तिची वेणी मी घातली होती.

मग त्यांनी हात वर करायला लावून कोन मोजला. तिने कंबरेत वाकून, ओठ दाबून हात कसाबसा वर नेला. मी गणिताचा मास्तर. तो कोन खांद्याचा कमी आणि कंबरेचा जास्त होता. मी तोंड उघडलं, तर तिने डोळे वटारले.

"छान रिझल्ट आहे, काकू," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "आता यायची गरज नाही."

बसमध्ये मी चिडून विचारलं, "खोटं काऊन बोलली?"

"त्या लेकरानं एवढा जीव लावून केलं. त्याच्या तोंडावर कसं सांगू, काहीच फरक नाही म्हणून?"

आमच्याकडे हे असंच. मयतीहून परतणाऱ्याला "कसं काय?" विचारा, तोही "बरं हाय" म्हणेल. पण डॉक्टरांनी ते खरं धरलं आणि आमचं दार बंद झालं. पुन्हा जाऊ म्हटलं की ती उठून स्वयंपाकघरात जाते. तो हात आता वर जाईल, ही आशा मीही सोडली आहे. वाईट वाटतं, पण कोणावर रागवावं तेच कळत नाही.

वेणी मीच घालतो. खडू धरून धरून बोटं राठ झालीत, तिन्ही पेड कधी सारखे येत नाहीत. काल गुंता सोडवताना कंगवा जोरात ओढला गेला. तिची मान मागे आली.

"दुखलं का?"

"नाही," ती म्हणाली. "बरं हाय."

मी तसाच कंगवा धरून उभा राहिलो. लग्न झाल्यापासून हेच उत्तर मी खरं धरत आलो होतो.