पोकुआने न दिलेला पट्टा

कुमासी शहरातल्या इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीवर पोकुआ सिस्टरचा दरारा होता. "जखमेतला हूक उजेड मिळेल इतकाच ओढायचा. गाठोडं बांधताय काय?" असं ती नव्या पोरींवर खेकसायची. पोरी घाबरायच्या. घाबरायलाच हवं होतं.

त्या दिवशी टेबलावर डोन्कोर म्हातारा होता. प्रोस्टेटच्या ऑपरेशनपासून त्याची लघवी थांबत नव्हती. मूत्रनळीभोवती पाण्याने फुगणारा एक लहानसा पट्टा बसवायचा होता. परदेशातून आलेला, एकच. कातडीला लागला तर जंतू त्याला चिकटून आत जातात. म्हणून जखमेच्या कडा पातळ प्लास्टिकने झाकायच्या, त्यावरून हूक लावून जखम उघडी धरायची. हे काम पोकुआचं.

म्हातारा कमरेखाली बधिर, वर टक्क जागा. पडद्याआडून बडबड चालूच.

"डॉक्टर, गळती नीट बंद करा हां! बहीण शवागारात पडलीय. माझ्यासाठी मयताची तारीख पुढे ढकललीय घरच्यांनी. पहिल्या रांगेत बसायचं, हात मिळवायला येईल त्याच्यासाठी उठायचं. उठलो आणि कापड ओलं दिसलं तर लोक म्हणतील, म्हातारा रडतोय तरी कुठून!"

डॉक्टर बोआची हसले. "सिस्टर, खाली अंधार आहे."

पोकुआने एक हूक ताणला. उजेड आला. डॉक्टरांनी पट्टा आत नेला, नीट बसेना, म्हणून बाहेर काढून तिच्या ताटलीत ठेवला. तेवढ्यात तिला दिसलं. हुकाखाली प्लास्टिक फाटलं होतं, फटीतून कातडी डोकावत होती. पट्टा तिथूनच आत-बाहेर झाला होता.

"डॉक्टर, आवरण फाटलं. माझ्याच हातून."

"पट्टा लागला कातडीला?"

"पाहिलं नाही. पण लागला नाही असं म्हणवत नाही."

"औषधाच्या पाण्यात धुऊन घेऊ. द्या."

तिने ताटली जवळ ओढली. "नको, डॉक्टर. आत सडेल." मागे एका शिक्षकाला असाच धुतलेला पट्टा घातला होता. त्याची आतून सडलेली जखम महिनाभर तिनेच धुतली होती.

"घाला ना!" म्हातारा ओरडला. "सडलो तर मी सडेन! मयत तरी पार पडेल. बाई, तुला भाऊ नाही का?"

"आहे, मामा. त्यालाही घालू दिला नसता."

डॉक्टरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं, तोंडात आलेली शिवी गिळली आणि पट्टा न घालताच जखम शिवायला दोरा मागितला.

नवा पट्टा लवकर येणार नव्हता. घरच्यांनी तारीख पुन्हा ढकलायला नकार दिला.

मयताच्या शनिवारी पोकुआ शोकाचं काळं-लाल नेसून गेली. उजवीकडून रांगेने हात मिळवत पुढे सरकली. पहिल्या रांगेत डोन्कोरच्या खुर्चीत त्याचा भाचा बसला होता. "मामा कुठेत?" कुणीतरी विचारलं. "बरं नाही," तो खाली बघत म्हणाला.

ती तशीच डोन्कोरच्या घरी गेली. अंगणात तो काळं कापड नीट खांद्यावर टाकून बसला होता. बाकाखालची माती भिजलेली. मयताचे ढोल इथवर ऐकू येत होते.

त्या भागात दारी आलेल्याला आधी बसायला आणि पाणी देतात, मगच येण्याचं कारण विचारतात. शत्रूलाही देतात. डोन्कोरने पाणी दिलं नाही, बस म्हटलं नाही.

"कोण कोण आलं होतं?" एवढंच विचारलं.

ती उभ्या उभ्याच नावं सांगू लागली.