ठेल्यावरून मिस्साला

अगाथा तायडे लग्न होऊन अमरावतीकडून भिलाईला आली तेव्हा मरोद्याच्या बाजूला नुसते पत्र्याचे कॅम्प होते आणि कारखान्याची पहिली भट्टी उभी राहत होती. नवरा आनंदराव रिगर होता, तारेच्या जाड दोरांनी अवजड लोखंड वर चढवायचा. दोघंही पिढीजात कॅथलिक. संध्याकाळची जपमाळ त्यांच्या खोलीत कधी चुकली नव्हती.

एका दुपारी वरून लोखंडी प्लेट निसटली आणि आनंदरावचा डावा पाय गुडघ्यापासून खाली तुटला.

दवाखान्यातून आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. जपमाळेला बसेना. दीर गावाकडं न्यायला आला, पण अगाथा हलली नाही. "देवानं इथंवर आणलं, तो अर्ध्यात सोडनार नाही," म्हणाली, आणि बांधकामावर रेजा, म्हणजे मजूर बाई, होऊन गिट्टीची घमेली उचलू लागली.

शेजारच्या मैनाबाईनं नागपूरला धम्मदीक्षा घेतली होती. एकदा तिनं सरळ विचारलं, "कावून हात जोडून राहिली वं? त्यानं पाय वाचला का?"

"पाय नाही वाचला. पन मी कामावर गेली का याईले जेवन कोन देते? तूच ना? तुले कोनं धाडलं?"

"कोनी नाही. मी माह्या मनानं येतो."

"तुह्या मनानं येनं अन् देवानं धाडनं, माह्यासाठी एकच हाय, बाई."

रायपूरहून फादर अधूनमधून यायचे आणि रेल्वे लाइनीपलीकडच्या शेडमध्ये मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, व्हायची. अशाच एका रविवारी अगाथानं सुपेल्याच्या बाजारातल्या भाजीवाल्याचा ठेला, त्याची हातगाडी, मागून आणला.

"लोकाईसमोर माहा तमाशा नको करू," आनंदराव ओरडला.

"तुमचा पाय गेला, तुमी नाही गेले. बसा."

मैनाबाईनं दुसरी बाजू धरली. "मिस्साले मी येत नाही. ठेला मात्र लोटतो."

रुळांच्या फटीत चाक अडकलं. दोघींनी जोर लावला, पण ते निघेना. तेवढ्यात शिफ्ट सुटलेले कामगार आले आणि त्यांनी माणसासकट ठेलाच उचलून पलीकडे ठेवला. त्यांच्यातल्या टिकाराम मुकादमानं आनंदरावला ओळखलं.

"अरे मिस्त्री! हाथ तो सलामत हैं ना? तार के रस्से गूँथनेवाला आदमी मिलता नहीं, और तुम सोए पड़े हो?"

आनंदरावनं आपल्या हातांकडे पाहिलं. त्या दिवशी फादरांनी ख्रिस्तप्रसाद पुढं केला तेव्हा त्यानं मान वर केली, आणि त्याचे डोळे भरून वाहत होते. काही दिवसांतच तो कुबडी घेऊन टिकारामच्या यार्डात खोक्यावर बसला आणि तारेच्या दोरांना फासे गुंफू लागला.

दुखणं काही संपलं नाही. थंडीत कळ अशी उठे की तो कामाला नको म्हणे. अगाथा पितळीत चहा ओतून पुढं ठेवायची.

"कालचा दिस देवानं पार पाडला, आजचाबी पाडन. प्या अन् निघा."

आणि तो निघायचा.