झुलालची पुकार

धरणगावच्या मोहन टाकीजला कोणता सिनेमा लागलाय, हे आसपासच्या खेड्यांना झुलालच्या आवाजावरून कळायचं. रिक्षावर भोंगा बांधून तो गावोगाव फिरे आणि सिनेमाची गोष्ट अशी रंगवून सांगे, की कापूस वेचणाऱ्या बाया हात थांबवून ऐकत. मालक हीरालालशेठ म्हणत, "झुलालभाऊ, सिनेमापेक्षा तुमची पुकारच बरी असते."

पुढे नवा सिनेमा महिन्याभरात मोबाईलवर येऊ लागला आणि लोक दम धरायला शिकले. टाकीज ओस पडू लागलं. तरी झुलालचा भोंगा चालूच होता.

त्या दिवाळीत एक मोठा सिनेमा लागणार होता. शेठने हौसेने टाकीजला रंग दिला, झुलालने घसा बसेपर्यंत पुकार केली. पाडव्याच्या आदल्या दिवशी वितरकाचा फोन आला: निर्मात्याने सिनेमा थेट मोबाईलवर सोडला, टाकीजला मिळणार नाही. शेठ फाटकाला कुलूप लावून मुलाकडे जळगावला निघून गेले.

पाडव्याला खेड्यांतून ट्रॅक्टर भरून माणसं आली. फाटकाशी झुलाल एकटाच हात जोडून उभा.

"आमले कसाले बलावं रे?" म्हातारा उखर्डूआबा म्हणाला. नातवंडांना नवे कपडे घालून आणलं होतं त्याने.

"आबा, माले बी कालच समजनं."

एकाने मोबाईल काढून झुलालच्या तोंडासमोर धरला. तोच सिनेमा चालू होता. "हाऊ देख. आठे शे तुना सिनेमा." सगळे हसले. उखर्डूआबा हसला नाही. नातवंडांना घेऊन ट्रॅक्टरवर चढला. झुलालला त्याचंच जास्त लागलं.

घरी सून हेमांगीने तांब्याला मोबाईल टेकवला होता. शेजारी बायको मंजुळाबाई. "या ना नाना, आत्ताच सुरू झालाय," सून म्हणाली. झुलालने ताट उचललं आणि अंगणात जाऊन जेवला.

टाकीजचं पुढे मंगल कार्यालय झालं. झुलाल वर्षभर घरी बसून होता. मग इंटरनेटचं कनेक्शन देणारा नीलेश आला. "नाना, तुमच्या आवाजाला अजून मान आहे. 'घरबसल्या नवे सिनेमे', एवढंच म्हणायचं."

झुलालला ते जिवावर आलं. पण पुन्हा गावोगाव हिंडायला मिळेल, या आशेने तो हो म्हणाला. नीलेशने दुकानात बसवून त्याचा आवाज मोबाईलमध्ये भरून घेतला, चहा पाजला, हातावर पैसे ठेवले.

"मग उद्या कोणत्या गावाला जायचं?" झुलालने विचारलं.

"तुम्ही कशाला त्रास घेता नाना? आवाज आहे ना आता. रिक्षावाला लावेल."

चार दिवसांनी दुपारी रिक्षा त्याच्याच गल्लीत शिरली. खणखणीत आवाज घरात घुमला.

"दार लाव," झुलाल म्हणाला.

मंजुळाबाईने दार लावलं. तरी शब्द न् शब्द ऐकू येत होता.